काचपट्टीवर न दिसणारा हिवताप: एका रुग्णाचं गणित कसं मांडायचं

दोन रुग्ण आहेत. दोघांच्या रक्तात हिवतापाचे फॅल्सिपेरम जातीचे परजीवी, आणि आकडाही सारखाच: दर मायक्रोलिटरमागे ५०,०००. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. एक जण खाटेवर बसून पेज पितोय, दुसरा बेशुद्ध आहे. काचपट्टी तीच, सूक्ष्मदर्शक तोच, आकडा तोच. मग आजारात एवढा फरक कसा?

हिवतापाच्या गणिताकडे वळणाऱ्या प्रत्येकाने याच प्रश्नापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. काचपट्टीवर जे मोजता येतं ते शरीरातल्या परजीवींचा एक भागच असतं. जीव धोक्यात आणणारा मोठा भाग तिथे येतच नाही. तो डोळ्यांनी दिसत नसला तरी हिशेबाने बऱ्यापैकी गाठता येतो, आणि तो हिशेब कसा मांडायचा ते या लेखात पाहू.

लागणारं साहित्य थोडं आहे: दहावीपर्यंतचं गणित, एक्सेल किंवा तशी कोणतीही स्प्रेडशीट, कागद-पेन्सिल आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी. अवकल समीकरणं येत असतील तर उत्तमच, नसली तरी अडत नाही. एक गोष्ट आधीच सांगतो: इथले तक्ते समजून घेण्यासाठी आहेत, उपचार ठरवण्यासाठी नाहीत. ताप आला तर रक्त तपासायचं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची मात्रा पूर्ण करायची.

पहिलं काम: प्रश्न नेमका करा

"मला मलेरियाचं मॉडेल करायचंय" हा प्रश्न नव्हे. मलेरियाची गणितं दोन वेगळ्या जागी मांडली जातात आणि नवखा माणूस ती हमखास एकत्र करतो.

एक गणित गावाचं. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी पाहिला आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पुढे त्यांनीच समीकरणं मांडून दाखवलं की साथ ओसरायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरतं. किती लोकांना लागण होईल, किती मच्छरदाण्या लागतील, हे प्रश्न त्या गणिताचे.

दुसरं गणित एका शरीराचं. डास चावून गेला, आता या एका माणसात पुढे काय होईल? ताप केव्हा येईल, हिमोग्लोबिन किती उतरेल, औषध कुठे लागू पडेल? आपण हे दुसरं गणित करणार आहोत. तुमचा प्रश्न एका ओळीत लिहा आणि तक्त्याच्या अगदी वर चिकटवून ठेवा. माझी ओळ अशी आहे: "काचपट्टीवर इतके दिसतात, तर शरीरात एकूण किती आहेत आणि ते काय नुकसान करतात?"

दुसरं काम: परजीवीचं घड्याळ कागदावर काढा

संगणक उघडण्याआधी हे करा. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि पुढचं सगळं चुकतं.

ॲनाफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून काही स्पोरोझोइट, म्हणजे डासातून येणारे परजीवी, त्वचेत उतरतात. त्यांतले थोडे यकृतापर्यंत पोचतात. फॅल्सिपेरम तिथे साधारण आठवडाभर वाढतो. या काळात माणसाला काहीही होत नाही. यकृताची एक पेशी फुटली की सुमारे ३०,००० मेरोझोइट, म्हणजे परजीवीची पिल्लं, रक्तात येतात आणि तांबड्या पेशींत शिरतात.

इथून ४८ तासांचं घड्याळ सुरू होतं. तांबड्या पेशीत परजीवी आधी बारीक कड्यासारखा दिसतो, मग फुगतो, हिमोग्लोबिन खातो आणि शेवटी त्याची पंधरा-वीस पिल्लं होतात. पेशी फुटते, पिल्लं नव्या पेशी शोधतात. सगळ्यांना पेशी मिळत नाही. मलेरियाविरुद्ध रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या माणसात एकाचे सुमारे १० होतात असं धरून चालू.

घड्याळावर एक खूण लाल पेनाने करा. साधारण १८ तासांनंतर पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उठतात, त्यांवर परजीवीने बनवलेलं चिकट प्रथिन येतं, आणि ती पेशी केशवाहिन्यांच्या आणि बारीक शिरांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. म्हणजे ४८ पैकी ३० तास ती फिरत्या रक्तात नसतेच. बोटाला टोचून काढलेल्या थेंबात ती येणार कुठून? पाणथरीतून, म्हणजे प्लीहेतून, गाळलं जाणं टाळण्याची ही परजीवीची सोय. आपल्या गणितातला सगळ्यात मोठा गुंता इथेच आहे.

तिसरं काम: दहाचा पाढा

प्रौढ माणसात ५ लिटर रक्त धरा. दर मायक्रोलिटरमध्ये ५० लाख तांबड्या पेशी. ५ लिटर म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. गुणाकार केला की एकूण तांबड्या पेशी २५ लाख कोटी. हा आकडा तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

आता १० स्पोरोझोइट यकृतात पोचले असं समजा. ते ३ लाख मेरोझोइट सोडतील. पुढच्या प्रत्येक ओळीत १० ने गुणा. एक ओळ म्हणजे एक फेरी, म्हणजे २ दिवस. शेजारच्या रकान्यात एकूण संख्येला ५० लाखांनी भागा, म्हणजे दर मायक्रोलिटरचा आकडा मिळेल.

यकृतातून बाहेर पडताना: ३ लाख, मायक्रोलिटरला ०.०६
२ दिवस: ३० लाख, ०.६
४ दिवस: ३ कोटी, ६
६ दिवस: ३० कोटी, ६०
८ दिवस: ३०० कोटी, ६००
१० दिवस: ३,००० कोटी, ६,०००
१२ दिवस: ३०,००० कोटी, ६०,०००
१४ दिवस: ३ लाख कोटी, ६,००,०००

हा तक्ता शांतपणे वाचा. चांगल्या प्रयोगशाळेतला तरबेज तंत्रज्ञ मायक्रोलिटरला १० च्या आसपास परजीवी असले तर ते शोधून काढतो, गर्दीच्या केंद्रात तोच आकडा ५० च्या घरात जातो. म्हणजे पहिले चार-पाच दिवस रक्तात कोट्यवधी परजीवी असूनही काचपट्टी कोरी राहते. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या माणसाला साधारण १० कोटींच्या पुढे ताप जाणवू लागतो, तो आपल्या तक्त्यात पाचव्या-सहाव्या दिवशी येतो. त्यात यकृतातला आठवडा मिळवा. चावल्यापासून १२-१३ दिवस. डॉक्टर रुग्णाला "दोन आठवड्यांपूर्वी कुठे गेला होतात?" असं विचारतात ते यासाठी.

आता दोन प्रयोग करा. १० स्पोरोझोइटऐवजी १०० घ्या. दसपट डोस, पण ताप फक्त २ दिवस आधी येतो. मग १० पुन्हा ठेवा आणि वाढीचा दर १० वरून ५ करा. ३०,००० कोटींचा टप्पा गाठायला १२ दिवसांऐवजी १७ दिवस लागतात. सुरुवातीच्या डोसापेक्षा वाढीचा दर किती भारी पडतो ते इथे हाताला लागतं. अंशतः रोगप्रतिकारशक्ती असलेल्या माणसाला हेच ५ दिवस मिळतात, आणि तेवढ्या अवधीत शरीर स्वतःची तयारी करू शकतं.

तक्ता आणखी एक ओळ पुढे न्या. १६ व्या दिवशी ३० लाख कोटी परजीवी, पण तांबड्या पेशी २५ लाख कोटीच आहेत! तक्ता इथे मोडला. तो कुठे मोडतो हे कळणं फार मोलाचं असतं, म्हणून ती ओळ पुसू नका. तिच्याकडे पाचव्या कामात परत येऊ.

चौथं काम: वयाचे खाने

नवी शीट घ्या. ४८ तासांचे ६-६ तासांचे ८ खाने करा, म्हणजे ८ रकाने. खाली येणारी प्रत्येक ओळ ६ तास पुढची. नियम दोनच आहेत. प्रत्येक खान्यातली संख्या पुढच्या ओळीत एक खाना उजवीकडे सरकते. आठव्या खान्यातली संख्या १० ने गुणून पुढच्या ओळीच्या पहिल्या खान्यात येते. शेवटी दोन रकाने जोडा: पहिल्या तीन खान्यांची बेरीज म्हणजे "दिसणारे", आठही खान्यांची बेरीज म्हणजे "एकूण".

सुरुवातीला सगळे परजीवी पहिल्या खान्यात टाका आणि दोन्ही रकान्यांचा आलेख काढा. उभ्या अक्षाला लॉग स्केल द्या, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या दसपट, नाहीतर शेवटची उडी सोडून काहीच दिसणार नाही. एकूण संख्येचा आलेख पायऱ्यांसारखा वर चढतो. दिसणाऱ्यांचा मात्र १८ तास असतो आणि पुढचे ३० तास शून्य. शरीरात तेवढेच परजीवी असताना सकाळची काचपट्टी भरलेली आणि रात्रीची कोरी! खऱ्या रुग्णात सगळे परजीवी इतके एका वयाचे नसतात, म्हणून सुरुवातीची संख्या दोन-तीन खान्यांत विभागून पाहा. शून्य जाईल, पण चढउतार राहील.

आता आपल्या दोन रुग्णांकडे परत या. दोघांत दिसणारे ५०,०००. पहिल्यात बहुतेक परजीवी कोवळे आहेत, म्हणजे ९० टक्के पहिल्या तीन खान्यांत. त्याचे एकूण झाले सुमारे ५५,५००. दुसऱ्यात बहुतेक परजीवी पक्व आणि चिकटलेले, दिसतात फक्त २० टक्के. त्याचे एकूण २,५०,०००. साडेचारपट जास्त, आणि तेही मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या, आतड्याच्या बारीक वाहिन्यांत बसलेले. हाच तो बेशुद्ध रुग्ण.

मग दवाखान्यात वय कसं ओळखायचं? काही खुणा आहेत. कड्यांचा आकार पाहणं ही एक. पांढऱ्या पेशींनी गिळलेलं काळपट रंगद्रव्य मोजणं ही दुसरी, कारण ते रंगद्रव्य पक्व परजीवी फुटल्यावरच बाहेर पडतं. तिसरी खूण तर आशाताईच्या पिशवीतच असते. जलद तपासणीच्या किटवर रेघ उमटवणारं एचआरपी-२ हे प्रथिन मुख्यतः पेशी फुटताना रक्तात सांडतं. चिकटलेली पेशी फुटली तरी तिचं प्रथिन फिरत्या रक्तात येतंच. म्हणून रक्तद्रवातलं त्याचं प्रमाण मोजून शरीरातल्या एकूण परजीवींचा अंदाज बांधता येतो. २००५ मध्ये संशोधकांनी ही पद्धत मांडली तेव्हा असं दिसलं की आजार किती गंभीर आहे हे काचपट्टीच्या आकड्यापेक्षा या अंदाजावरून जास्त चांगलं कळतं. किटची रेघ फक्त हो की नाही एवढंच सांगते, प्रमाण काढायला प्रयोगशाळेतली वेगळी चाचणी लागते.

पाचवं काम: वाढीला लगाम

मोडलेला तक्ता आठवा. खऱ्या शरीरात परजीवी वाढू लागले की तीन गोष्टी त्यांच्या आड येतात: तांबड्या पेशी कमी होतात, तापाच्या उष्णतेने पक्व परजीवी मरतात, आणि पाणथरी व प्रतिपिंडं कामाला लागतात. हे तिन्ही वेगवेगळे लिहिण्याआधी एकच साधा लगाम लावून पाहा:

पुढच्या फेरीतली संख्या = आताची संख्या × १० ÷ (१ + आताची संख्या ÷ १,००० कोटी)

संख्या लहान असताना कंस जवळपास १ राहतो आणि दसपट वाढ होते. संख्या मोठी झाली की भागाकार वाढ खेचून धरतो. हा तक्ता ९,००० कोटींवर स्थिर होतो. तो तिथेच का थांबतो? कारण तिथे कंस बरोबर १० होतो. कागदावर हे काढा आणि शीटशी ताडून पाहा. जुळलं नाही तर सूत्र लिहिताना कुठेतरी चूक आहे. प्रत्येक टप्प्याला अशी एक हाताने तपासता येणारी जागा ठेवायची सवय लावून घ्या.

पण शरीराचा प्रतिसाद ताबडतोब येत नाही, त्याला दिवस लागतात. म्हणून कंसात "आताची संख्या"च्या जागी "एका फेरीपूर्वीची संख्या" घाला. बदल एवढाच, पण सगळं चित्र पालटतं. ३ लाखांपासून निघालेला आकडा ९,००० कोटींवर थांबत नाही. तो चौदाव्या दिवशी सुमारे ५७,००० कोटींवर जातो, मग दोन हजार कोटींच्याही खाली कोसळतो, पुन्हा चढतो. साधारण ६ फेऱ्यांनी एक लाट, प्रत्येक लाट आधीपेक्षा थोडी लहान. शेवटी जिथे यायचं त्याच्या सहापटीहून जास्त वर तो पहिल्या लाटेत जाऊन आला, आणि माणूस मरतो तो बहुधा या पहिल्या लाटेत.

इथे एक धोका आहे. उपचार न झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींतही परजीवींच्या लाटा दिसतात. आपल्या शीटमध्ये लाट आली की वाटतं, सापडलं कारण! पण तशीच लाट दुसऱ्या वाटेनेही येते. फॅल्सिपेरमकडे चिकट प्रथिनाचे सुमारे ६० जनुक असतात. शरीर एका प्रथिनाला ओळखू लागलं की दुसऱ्या प्रथिनाचा मुखवटा चढवलेले परजीवी पुढे येतात. प्रतिसादाचा उशीर आणि मुखवटा बदलणं, दोन्हींनी आलेख सारखाच दिसू शकतो. आलेख जुळला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. दोन स्पष्टीकरणांत निवड करायची तर जिथे त्यांची उत्तरं वेगळी येतात असं मोजमाप शोधावं लागतं.

सहावं काम: रक्त कुठे गेलं?

मला या विषयातला सगळ्यात डोळे उघडणारा भाग हाच वाटतो, आणि यात बेरीज-गुणाकारापलीकडे काही नाही.

समजा, एका रुग्णात परजीवी असलेल्या पेशी २ टक्क्यांपर्यंत गेल्या आणि तिथे औषध सुरू झालं. आधीच्या फेरीत त्या ०.२ टक्के होत्या, त्याआधी ०.०२. सगळ्या गेल्या असं धरलं तरी बेरीज २.२२ टक्के. म्हणजे हिमोग्लोबिन १२ असेल तर ते ११.७ व्हायला हवं. प्रत्यक्षात असा रुग्ण ९ वर येतो, कधी त्याच्याही खाली. बाकीचं रक्त कुठे गेलं?

उत्तर मिळायला जुन्या नोंदी कामी आल्या. पेनिसिलिन नसलेल्या काळात मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसवर इलाज म्हणून रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला जाई. व्हिएन्नाच्या ज्युलियस वॅग्नर-यौरेग यांनी १९१७ मध्ये ही पद्धत सुरू केली, १९२७ मध्ये त्यांना तीबद्दल नोबेल मिळालं. पुढची काही दशकं अनेक ठिकाणी असे उपचार झाले आणि रुग्णांच्या परजीवींची मोजणी रोजच्या रोज लिहून ठेवली गेली. आज असा प्रयोग कोणी करणार नाही आणि करूही नये. शरीराच्या आतल्या मलेरियाची बहुतेक गणितं या माणसांच्या नोंदींवर उभी आहेत. ते आकडे शीटमध्ये उतरवताना त्यांची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

या नोंदींना मॉडेल लावून १९९९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: फॅल्सिपेरममध्ये परजीवी असलेली एक पेशी नष्ट होते तेव्हा तिच्याबरोबर सरासरी ८.५ निरोगी पेशीही नष्ट होतात. परजीवी कधीही न शिरलेल्या पेशी! त्या ताठर होतात, त्यांच्यावर प्रतिपिंडं चिकटतात, आणि सुजलेली पाणथरी त्यांना गाळून टाकते. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीत हेच प्रमाण एकास सुमारे ३४ निघालं.

आता आपला हिशेब पुन्हा मांडा. फुटलेल्या २.२२ टक्के. त्यांच्या ८.५ पट, म्हणजे १८.९ टक्के निरोगी. वर अस्थिमज्जा मंदावते. तांबडी पेशी १२० दिवस जगते, म्हणजे शरीराला रोज ०.८३ टक्के पेशी नव्याने बनवाव्या लागतात. १० दिवस हे उत्पादन निम्म्यावर आलं तर आणखी ४.२ टक्क्यांची तूट. एकूण २५ टक्के. १२ चं हिमोग्लोबिन बरोबर ९ च्या घरात. आकडे ढोबळ आहेत, पण नुकसानाचा मोठा वाटा कुणाचा हे लख्ख दिसतं.

यातून व्हायव्हॅक्सचंही एक कोडं सुटतं. हा परजीवी बहुतेक कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो आणि त्या निरोगी माणसात एक-दोन टक्केच असतात. त्यामुळे काचपट्टीवर त्याचा आकडा क्वचितच फार वर जातो आणि "हा सौम्य मलेरिया" असं म्हटलं जातं. शीटमध्ये घालून पाहा: फक्त अर्धा टक्का पेशी फुटल्या, पण एकामागे ३४ निरोगी धरल्या तर १७.५ टक्के रक्त गेलं. त्यात हा परजीवी यकृतात सुप्त राहून पुन्हा पुन्हा उलटतो. मुंबईसारख्या शहरात व्हायव्हॅक्सच जास्त आढळतो, आणि आपल्याकडे गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. ९ वरून साडेसात ही घसरण साधी नाही.

मोजमापाची एक खोच लक्षात ठेवा. हिमोग्लोबिन हे दाटपणाचं माप आहे. उलट्यांनी कोरडा पडलेला रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याचं रक्त दाट असतं आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. सलाइन चढल्यावर तो उतरतो, आणि ती घसरण सगळी परजीवीच्या माथी मारली तर तुमचं प्रमाण फुगेल.

सातवं काम: औषध घालून पाहा

चौथ्या कामाची शीट पुन्हा उघडा. पहिल्या खान्यात १०० कोटी कोवळे परजीवी ठेवा. क्विनाइनसारखं औषध मुख्यतः पक्व परजीवींवर चालतं, म्हणून ते चौथ्या खान्यापासून पुढेच मारतं असं लिहा. १८ तासांनी ते १०० कोटीच्या १०० कोटी चौथ्या खान्यात पोचतील, म्हणजे भिंतीला चिकटतील. आर्टेसुनेट हे दुसरं औषध कोवळ्या कड्यांनाही मारतं. दर ६ तासांनी ६० टक्के मरतात असं उदाहरणापुरतं धरा. तीन ओळींनंतर चिकटायला उरतात ६.४ कोटी.

प्रत्यक्षात काय घडलं? बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमध्ये गंभीर मलेरियाच्या १,४६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. शंभरामागे सात जीव.

याच शीटवरून आणखी एक गोष्ट कळते. औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवशी काचपट्टीवरचा आकडा कधी कधी वाढतो आणि नातेवाईक घाबरतात. जे आधीच चिकटलेले आणि फुटण्याच्या बेतात होते त्यांची पिल्लं रक्तात आलेली असतात. एवढ्यावरून औषध हरलं असं म्हणता येत नाही.

आणि गोळ्यांची मात्रा पूर्ण का करायची? आर्टेसुनेट ज्यात येतं त्या आर्टेमिसिनिन गटाची औषधं एका फेरीत परजीवी साधारण १०,००० पटीने कमी करतात. १ लाख कोटींपासून सुरू करा. एका फेरीनंतर १० कोटी, दोन फेऱ्यांनंतर १०,०००, तीन फेऱ्यांनंतर १. तीन दिवसांचा कोर्स फार तर दोन फेऱ्यांना पुरतो. रुग्ण बरा दिसतो, ताप गेलेला असतो, काचपट्टी कोरी असते, आणि शरीरात हजारो परजीवी जिवंत असतात. ते संपवण्यासाठीच सोबत दुसरं, जास्त काळ टिकणारं औषध दिलेलं असतं.

आठवं काम: बेशुद्धीकडे जपून जा

मेंदूच्या मलेरियाचं गणित नवख्यांना खुणावतं. त्यातला एक छोटा हिशेब जरूर करा. सरळ नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. चिकटलेल्या पेशींनी बारीक शिरेची त्रिज्या फक्त १६ टक्क्यांनी कमी केली तर ०.८४ चा चौथा घात सुमारे ०.५, म्हणजे प्रवाह निम्मा. केशवाहिनीत मात्र हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथे एकेक पेशी अंग चोरून जेमतेम पुढे सरकत असते.

पुढे जाण्याआधी आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर इथे झालेलं काम माहीत असावं. मेंदूच्या मलेरियाने गेली असं निदान झालेल्या ३१ मुलांच्या शवविच्छेदनात ७ मुलांच्या मृत्यूचं कारण वेगळंच निघालं. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या भागात कितीतरी धडधाकट मुलांच्या रक्तातही परजीवी असतात, तिथे काचपट्टीवर परजीवी आणि मूल बेशुद्ध एवढ्यावरून दोन्ही जोडता येत नाहीत. मॉडेलला दिलेल्या आकडेवारीत "मलेरिया" हे लेबलच दर चार-पाच नोंदींत एकदा चुकीचं असेल, तर समीकरणं कितीही देखणी असोत, उत्तर तिरकं जाणार.

नेहमी होणाऱ्या चुका

एककांची चूक सगळ्यात जास्त होते. एका रकान्यात मायक्रोलिटरचा आकडा आणि दुसऱ्यात अख्ख्या शरीराचा असेल, तर उत्तर ५० लाख पटीने चुकतं. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहाच. दुसरी चूक म्हणजे एका वेळी तीन आकडे बदलणं, मग कशामुळे काय झालं ते कळत नाही. तिसरी, लहान मुलासाठी प्रौढाचं ५ लिटर रक्त धरणं. १० किलोच्या मुलात सुमारे ८०० मिलिलिटरच असतं, आणि मलेरियाने मरणाऱ्यांत आफ्रिकेतली लहान मुलं सर्वाधिक आहेत.

शीट नीट चालू लागली की तीच पायथॉन या संगणकाच्या भाषेत उतरवा. ६ तासांऐवजी १ तासाचे ४८ खाने करा आणि दोन्हींची उत्तरं जवळपास येतात का ते पाहा. त्यानंतर अवकल समीकरणांकडे जा. तिथे निरोगी पेशी, परजीवी असलेल्या पेशी आणि मोकळे मेरोझोइट अशा तीन राशींची समीकरणं भेटतील. तुम्ही खान्यांत जे केलं तेच तिथे अक्षरांत लिहिलेलं असेल, त्यामुळे ती परकी वाटणार नाहीत.

आणि एक दिवस काढून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाशेजारी बसा. गडचिरोलीसारख्या भागात, जिथे मलेरिया खूप आढळतो आणि त्यातही फॅल्सिपेरमचा जोर, तिथे बसायला मिळालं तर आणखी चांगलं. कोवळं कडं आणि पक्व परजीवी यांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, पांढऱ्या पेशीतलं रंगद्रव्य दाखवायला सांगा, आणि नोंदवहीत परजीवींच्या आकड्याशेजारी रक्त किती वाजता घेतलं ते लिहिलेलं असतं का, हे विचारा. तुमच्या शीटला लागणारी पुढची माहिती तीच आहे.